रेनकोट कापडात धरायचा का

मागच्या पावसाळ्यात आमच्या घरात जवळजवळ दोन महिने एकच प्रश्न चालला होता. रेनकोट कापडात धरायचा की नाही. प्रश्न हसण्यासारखा आहे आणि आम्ही त्यावर पुष्कळदा हसलोही. पण माझं सायकलवरचं जाणं-येणं त्याच्यावर अवलंबून होतं, आणि त्या दिवसांत मला दुसरं काहीच नको होतं.

मी डिंभ्याला राहतो आणि घोडेगावच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. अंतर दहा-अकरा किलोमीटर. एसटी आहे, पण तिच्या भरवशावर पहिला तास गाठता येत नाही. मला स्कूटर चालवता येत नाही. ती माझी बायको चालवायची. तिची नोकरीही घोडेगावातच, एका कचेरीत. पंधरा वर्षं मी तिच्या मागं बसून, मांडीवर दप्तर आणि दोघांचे डबे धरून शाळेत गेलो. टपरीवरची मंडळी रोज काहीतरी बोलायची. "सर, मागं बसायचं लायसन काढलं का न्हाई?" हे त्यातल्या त्यात सभ्य. ती हॉर्न वाजवून उत्तर द्यायची. मी हसून हात वर करायचो.

ती फाल्गुनात गेली. आजार चार महिन्यांचा होता. त्याबद्दल इथं लिहीत नाही.

शाळेत परत जायचं ठरलं तेव्हा गोठ्याच्या भिंतीला टेकून पडलेली जुनी सायकल मी काढली, टायर बदलून घेतले आणि निघालो. पहिल्याच दिवशी एक गोष्ट लक्षात आली. घरात असलो की तिची वस्तू हाताला लागायची. शाळेत सगळे माझ्याशी जपून बोलायचे, आणि जपून बोलणाऱ्या माणसांपुढं फार दमायला होतं. सायकलवरच्या पाऊण तासात मात्र मला बरं वाटायचं. कालव्याकडचा वारा, पुढचा चढ, उसाच्या कडेनं जाताना बिबट्यासाठी वाजवायची घंटी, एवढंच डोक्यात असायचं. चैत्र आणि वैशाख मी त्या पाऊण तासाच्या आधारावर काढले.

मग पाऊस लागला. डिंभ्याकडचा पाऊस घोडेगावातल्या पावसापेक्षा दांडगा. गावालगतच्या धरणावरून वारा सुटला की तो आडवा येतो, आणि वाऱ्याला पाण्याचा गारठा असतो. तेव्हा मला कळलं की माझा रेनकोट हा रेनकोट नव्हताच. पँट कधीच फाटून गेली होती, आणि कोटाच्या शिवणी उसवून पाणी थेट आत येत होतं. स्कूटरवर हे कधी जाणवलं नाही, कारण समोरचा पाऊस ती घ्यायची. मी तिच्या पाठीच्या आडोशाला कोरडा बसून असायचो.

नवा रेनकोट घ्यावा, यात खरं तर काही अवघड नव्हतं. घोडेगावच्या पेठेत दुकानांच्या दारांत हारीनं टांगलेले असतात. पण मी संध्याकाळी तसं बोललो आणि आईनं निवडायला घेतलेले तांदूळ खाली ठेवले.

आमच्यात एक रीत आहे. घरातली सून गेली की तिच्या माहेरच्या माणसांनी वर्षाच्या आत एखाद्या सणाला यायचं, जावयाला पाटावर बसवायचं आणि आपल्या हातानं नवं कापड त्याच्या अंगावर घालायचं. त्याला दुखवटा काढणं म्हणतात. तोपर्यंत त्या घरानं नवं कापड विकत आणायचं नाही. दहाव्याला गोतावळा टोपी-टॉवेल घेऊन येतो ते यात धरत नाहीत. कापड माहेरचंच लागतं. माझी सासरवाडी मढला, माळशेजच्या वाटेवर. मामा, म्हणजे माझे सासरे, दिवाळीला येणार असं ठरलं होतं.

"रेनकोट प्लास्टिकचा असतो, आई," मी म्हणालो.

"अंगात घालायचं ते कापड," आई म्हणाली. "मग ते कशाचं का असंना."

तिचं म्हणणं आजचं नव्हतं, हे मला नंतर आठवलं. तेराव्यानंतर आईनं सुनेचे कपडे डोंगरावरच्या वाडीतल्या एका बाईला दिले होते, जी आजारपणात आमच्याकडे मदतीला यायची. त्या गाठोड्यात तिचा लाल रेनकोटही गेला होता. तेव्हाच आईनं तो कपड्यांत मोजला होता. माझी आई सुनेसाठी माझ्याइतकीच रडली होती, पण ती रडणं लवकर आवरून कामाला लागणारी बाई आहे, आणि त्या वर्षी रीत पाळणं हेच तिचं काम होतं. तिच्या हातून ते काढून घ्यावं असं मला वाटलं नाही.

टपरीवर मात्र या प्रश्नाचा फडशा पडेना. कुणी म्हणालं, पावती बघा, दुकानदार कशात लावतो ते बघा. कुणी म्हणालं, ताडपत्री कापडात येती का? न्हाई ना? मग ताडपत्रीला बाह्या लावल्या तर ती कापड कशी होईल. एका म्हाताऱ्यानं आईची बाजू घेतली. त्याला दुसऱ्यानं विचारलं, "मंग हेल्मेट कशात धरायचं, राव?" म्हातारा म्हणाला, "टोपीत." आईला मी हे सगळं घरी येऊन सांगायचो. ती हसायची आणि तिचा निर्णय तोच राहायचा.

तेव्हा मी विकत न घेता मिळणाऱ्या गोष्टींकडे वळलो. आधी खताच्या गोणीची खोळ करून डोक्यावर घेतली. एक कोपरा दुसऱ्यात दुमडला की डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकते. भातखाचरात वाकून काम करणाऱ्याला तिच्यासारखी सोय नाही. सायकलवर मात्र तिच्यात वारा भरतो. धरणाच्या वळणावर मी पुढं पायडल मारत होतो आणि खोळ मला मागं ओढत होती. त्यात ती डोळ्यांवर आली आणि मी भीमाशंकरला निघालेल्या गाडीच्या अगदी पुढ्यात गेलो. ड्रायव्हरनं काच खाली करून माझी चौकशी केली. ती इथं लिहिण्यासारखी नाही.

मग शेजारच्या टोमॅटोवाल्यानं मल्चिंग पेपर दिला. टोमॅटोच्या वाफ्यावर अंथरतात तो, वरून चंदेरी आणि खालून काळा. त्याचं टोमॅटोचं पीक निघालं होतं आणि कागद गुंडाळून बांधावर पडला होता. मी त्याचे लांब पट्टे कापले, कमरेपासून घोट्यापर्यंत पायांना गुंडाळले आणि जुन्या ट्यूबच्या रबरानं बांधले. चंदेरी बाजू बाहेर. आईला ही युक्ती पसंत पडली, कारण शेताचा कागद काही केल्या कापडात येत नव्हता. शेजाऱ्यानं मात्र मला पाहिलं आणि तो दारात खाली बसून हसला. घरातून त्यानं बायकोलाही बोलावून आणलं.

एक गोष्ट मी विसरलो होतो, आणि देणाराही विसरला होता. त्या कागदाला रोपं लावायला ठरावीक अंतरावर भोकं पाडलेली असतात. पहिल्या मोठ्या सरीत माझ्या पँटवर प्रत्येक मांडीला दोन आणि प्रत्येक पोटरीला एक अशी गोल ओली नाणी उमटली. शाळेच्या शिपायानं मला चहा दिला, माझ्या पायांकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, सर, किती फुटांवर लावलंय?

हसत-हसत मी ओल्या पँटमध्ये दिवसभर बसलो. असं चार-पाच दिवस झालं. आषाढाच्या मध्याला मला ताप भरला आणि तीन दिवस उतरला नाही.

धाकटा भाऊ भोसरीला असतो. तो रविवारी आला. त्यानं माझा हात हातात घेतला, औषधं पाहिली आणि मग बाहेर जाऊन गोठ्यातली सायकल पाहिली. तो फार प्रेमळ आहे आणि म्हणूनच त्याच्याशी वाद घालता येत नाही. त्यानं सरळ सांगितलं की वहिनीनंतर आता दादाला काही झालेलं त्याला सोसणार नाही. घोडेगावात शाळेजवळ एक खोली त्यानं बघून ठेवली होती. पुन्हा एकदा ताप आला की सायकल माळ्यावर टाकायची आणि मी पावसाळाभर त्या खोलीत राहायचं. आईनं मान हलवली. मीही हलवली. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि ते तापामुळं नव्हतं. खोलीतून शाळेत चालत जायला चार मिनिटं लागली असती. त्या चार मिनिटांत मी काय करणार होतो?

बरा झाल्यावर पहिल्याच दिवशी पाऊस उघडला होता, पण हवा गार होती. कालव्याच्या पुलाजवळ पुढं वळणावर मला लाल रेनकोट दिसला. मी ब्रेक कधी लावला ते कळलं नाही. डोंगरावरच्या वाडीतली ती बाई म्हशी घेऊन चालली होती. रेनकोट तिनं घातला नव्हता, खांद्यावर टाकला होता. अंगावर घोंगडी होती. तिनं मला ओळखलं, थांबली आणि रेनकोट एकदम घडी करून काखेत घेतला, जणू तिनं काही चुकीचं केलं होतं. मी म्हणालो, असू द्या. आम्ही थोडा वेळ म्हशींकडे बघत उभे राहिलो.

मग तिनं माझ्या पायांकडे पाहिलं. मी पुन्हा चंदेरी कागद बांधला होता.

"गुरुजी, ह्ये काय?" शाळेत जाणारा तो गुरुजी, असा तिचा हिशेब आहे. मी ग्रंथपाल असल्याचं तिला कधी पटलेलं नाही.

मी तिला तापाचं सांगितलं. रेनकोटाचं सांगितलं. खोलीचंही सांगितलं, जे मी शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. तिनं लाल रेनकोट पुढं केला. तो मला होण्यासारखा नव्हता आणि मला घ्यायचाही नव्हता. तिनं तो परत काखेत घेतला आणि म्हणाली की तिलाही त्यात घाम येतो, आतून भिजायला होतं, म्हणून पाऊस थांबला की ती तो काढते. पण टाकत नाही. बाई चांगली होती, म्हणाली.

"तुमी आवणीला कदी गेलाय?" तिनं विचारलं. आवणी म्हणजे भाताची लावणी. मी सासरवाडीला बांधावर बसून पाहिली होती, एवढंच. "मंग बगितलं न्हाई का? गडी मानूस पाय झाकतो का? वर लोकर, खाली उघडं. पाय भिजलं तर पुसत्यात, गुरुजी. पँट भिजली तर ती घालून बसाय लागतं. तुमाला ताप पान्यानं न्हाई आला. वल्ल्या पँटनं आला."

मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. एवढं नेमकं त्यांतल्या फार थोड्यांनी सांगितलं आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी हाफ पँटवर निघालो. ही जुनी, झाडांना पाणी घालताना वापरायची. वर बिनबाह्यांची बनियन, तिच्यावर जुना लोकरीचा स्वेटर, आणि वाऱ्यापुरता तो उसवलेला कोट. ओली झाली तरी लोकर गरम राहते, हे मी स्वतः तपासून पाहिलं. पायांत प्लास्टिकच्या सॅन्डल. डोक्याला दहाव्याला आलेल्या टोप्यांपैकी एक, आणि गळ्याशी पाणी उतरू नये म्हणून दहाव्याचाच एक टॉवेल. कोरडी पँट, शर्ट आणि मोजे जाड पिशवीत गाठ मारून दप्तरात. शाळेत पोचल्यावर नकाशे ठेवायच्या खोलीत पाय पुसायचे, कपडे बदलायचे, आणि ओला स्वेटर भारताच्या मोठ्या नकाशाशेजारच्या खिळ्याला लावायचा.

अडचण एकच होती. मी पन्नाशी ओलांडलेला, शाळेत कधी आवाज न चढवलेला माणूस, आणि माझे गुडघे आजवर घराबाहेर कुणी पाहिले नव्हते. पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकात पोरांचा घोळका एकदम गप्प झाला. ती शांतता मी ग्रंथालयात वर्षानुवर्षं मागत आलो होतो. टपरीवर कुणीतरी विचारलं, कुठल्या पोलीस भरतीला चाललात? दुसरा म्हणाला की मागं बसत व्हते तवाच बरं दिसत व्हतं. यावर सगळे माझ्याकडे चोरून बघायला लागले. मी हसलो, कारण ते खरंच होतं. मग तेही हसले. तिच्याबद्दल कुणी माझ्यासमोर विनोद केला नव्हता चार महिन्यांत. मला फार बरं वाटलं.

मला ताप आला नाही. आषाढ धो-धो गेला, गार वाऱ्यानं गुडघे निळे पडायचे, पण ताप आला नाही.

आईला मात्र हे पेलेना. ताप चालला असता, पण लेकानं चड्डीवर बाजारपेठेतून जाणं नाही. बाजारात कुणी बाई तिला म्हणाली होती, तुमच्या सरांनी लई तब्येत केली म्हनं. आईनं मला काही सांगितलं नाही. मी शाळेत असताना तिनं आपल्या बटणांच्या फोनवरून थेट मढला फोन लावला.

नागपंचमीच्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. शाळेला सुट्टी होती. त्या दिवशी आमच्याकडे चिरत नाहीत, तळत नाहीत, म्हणून आई पुरणाची दिंडं उकडत होती. दहाच्या सुमारास दारात मामा उभे राहिले. सत्तरी गाठलेला माणूस, धोतर, सदरा, टोपी, सगळ्यातून पाणी निथळत होतं. मढहून जुन्नर, जुन्नरहून घोडेगाव, आणि तिथून जीपच्या मागच्या फाळक्याशी बसून. छत्री वाटेत वाऱ्यानं उलटी झाली होती. काखेत मात्र एक पिशवी होती, तिच्यावर दुसरी, आणि तिच्यावर तिसरी.

आई त्यांच्यासाठी कोरडं धोतर काढायला धावली. मी पिशवी हातात घेतली. आत कोरडा ठणठणीत नवा रेनकोट होता. कोट आणि पँट, दोन्ही.

"मामा, हा अंगात घालून यायचा होता," मी म्हणालो.

"असं कसं, पावणं?" मामा म्हणाले. थंडीनं त्यांचे दात वाजत होते. "दुखवट्याचं कापड आदी आपल्या अंगात घालत्यात व्हय?"

तेव्हा मला आईनं काय केलं होतं ते कळलं. तिनं आपला निर्णय बदलला नव्हता. रेनकोट कापडच होता. पण कापड असेल तर ते माहेरच्यांनी आणावं, आणि नागपंचमीही सणच होता. आवणी नुकतीच उरकली होती, मामा मोकळे होते. त्यांनी जुन्नरच्या बाजारात दोन दुकानं हिंडून, शिवण ओढून बघून तो घेतला होता.

पाट मांडला. रांगोळी आईनं घाईत काढली. मी बसलो, आईनं कुंकू लावलं आणि मामांनी रेनकोटाची घडी मोडून, घरात, कोरड्या जमिनीवर, माझ्या शर्टावरून तो मला घातला. बटणं त्यांना जमेनात. त्यांची बोटं अजून गार होती. मी मदत करायला गेलो तर त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि एकेक करून सगळी लावली, अगदी गळ्यापर्यंतची. टोपडंही डोक्यावर ओढून दोरी आवळली. मग ते माझ्यासमोर खाली बसले. रेनकोटाच्या आत मला घाम फुटला होता. आई चुलीकडे तोंड करून उभी होती.

"लेक माझी गाडी चालवायची," मामा शेवटी म्हणाले. "मला वाटायचं, पोर पुढं बसून गारठती, ह्यो मागं निवांत."

"खरं होतं ते," मी म्हणालो.

मामा हसले. डोळे पुसून हसले. आईनं ताटं मांडली आणि मला तसंच जेवायला बसायला सांगितलं, कारण दुखवट्याचं कापड घालून पहिला घास खायचा असतो. मी रेनकोटात बसून गरम दिंडं आणि तूप खाल्लं. माझ्या आयुष्यात इतका घाम कुठल्या पंगतीत आला नव्हता.

दुपारी भावाचा फोन आला. सणाचं बोलून झाल्यावर त्यानं खोलीचं विचारलं. खोलीवाला पक्कं सांगा म्हणत होता. फोन आईच्या हातात होता. तिनं ओसरीवर बसलेल्या मामांकडे पाहिलं आणि मग दारापलीकडे, जिथं सायकल पावसात उभी होती.

"न्हाई म्हणून सांग त्याला," आई म्हणाली. "दादा जाईल की सायकलवर. आता कापड मिळालंय त्याला."

पलीकडून भाऊ काहीतरी समजावत राहिला. आईनं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि फोन बंद केला. मग मला म्हणाली, ती सायकल आत घे, गंज धरंल. मी उठलो आणि रेनकोट न काढताच अंगणात गेलो.